मित्राबरोबर सायकलवर देश पार करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लांबची सायकल मोहीम करून आलेल्या माणसाला लोक सुरुवातीला गिअर विचारतात, मग टायर, आणि जरा ओळख झाली की आवाज खाली आणून विचारतात, "भांडलात किती वेळा?" माझा आणि माझ्या मित्राचा मिळून तीन मोहिमांचा अनुभव आहे. सर्वांत लांबची ४१ दिवसांची. त्या जोरावर ही उत्तरं. काही ठिकाणी माझी मतं ठाम आहेत, तिथं तुम्ही भांडू शकता.

वीस वर्षांची मैत्री आहे. तेवढं पुरेसं आहे ना?

वीस वर्षांत तुम्ही त्याला पहाटे साडेपाच वाजता, ओल्या मोज्यांत, उपाशी पाहिलंय का? नसेल तर आधी ते पाहून या. पूर्ण सामान लादून दोन मुक्कामांची छोटी फेरी करा. किती किलोमीटर झाले याला महत्त्व नाही. भूक लागल्यावर तो गप्प होतो की वसवसतो, ठरलेलं फिसकटलं की दोष शोधत बसतो की पुढचं बघतो, आणि सकाळी आवरायला त्याला किती वेळ लागतो, एवढं बघा. आवरण्यातला फरक क्षुल्लक वाटतो. पण तुम्ही रोज पाऊण तास सायकल धरून ताटकळत असाल, तर दहाव्या दिवशी तो क्षुल्लक राहत नाही.

आणखी एक. "आपण हे कशासाठी करतोय?" याचं उत्तर दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहा आणि मग कागद बदला. एकाने "अंतर पूर्ण करायचंय" लिहिलं आणि दुसऱ्याने "वाटेत रमायचंय", तर तुमच्या दोन वेगळ्या मोहिमा आहेत. एकत्र निघता येतं तरीही, पण हे माहीत असून निघावं.

दोघं बरे की चार-पाच जणांचा गट?

दोघं. चार जणांत एकाचं पंक्चर झालं की तिघं थांबतात, आणि कुठे जेवायचं यावर सभा भरते. दोघांत निर्णय पटकन होतो. तोटा एकच, मत विभागलं तर बहुमत नाही. आम्ही त्यावर दिवस वाटून घेतले होते. सम तारखेला त्याचा शब्द शेवटचा, विषम तारखेला माझा. (महिना ३१ चा असेल तर मला सलग दोन दिवस मिळायचे. हे त्याच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं.)

जोडीने काय होऊ शकतं याचं जुनं उदाहरण म्हणजे टॉमस ॲलन आणि विल्यम साक्टलेबेन. १८९० मध्ये अमेरिकेत पदवी मिळाली आणि दुसऱ्याच दिवशी दोघं निघाले. कॉन्स्टँटिनोपलपासून पेकिंगपर्यंत सगळा आशिया ओलांडून १८९३ मध्ये परतले, तेव्हा सायकलवर १५,०४४ मैल झाले होते, म्हणजे सुमारे २४ हजार किलोमीटर.

दोघांचा वेग सारखा नाही. कसं जमणार?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि मोहिमा मोडतात त्याही बहुतेक इथंच. आधी गणित करा. एकजण ताशी १६ ने चालवतो, दुसरा १८ ने. ८० किलोमीटरला पहिल्याला पाच तास लागतात, दुसऱ्याला चार तास २७ मिनिटं. फरक जेमतेम अर्ध्या तासाचा. तेवढ्यासाठी दिवसभर धुसफूस चालते, कारण खरं दुखणं वेगाचं नसतंच, थांबण्याचं असतं.

चित्र असं असतं. पुढचा झाडाखाली थांबतो, पाणी पितो, पाय मोकळे करतो, दहा मिनिटं आडवा होतो. मागचा धापा टाकत पोहोचतो. पुढचा उठून कपडे झटकत म्हणतो, "आलास? चल, निघू या." म्हणजे ज्याला विश्रांतीची जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. दिवसातून सहा वेळा हे झालं की मागच्याच्या मनात काय साचतं, ते मला माहीत आहे. पहिल्या मोहिमेत मागचा मीच होतो.

आमचा नियम तिथूनच आला : विश्रांतीचं घड्याळ दुसरा पोहोचल्यावर सुरू होतं. पुढच्याने आधीच किती आराम केला याचा हिशेब नाही.

दुसरा उपाय वजनाचा. १० किलो जास्तीचं सामान ५०० मीटर उंचीवर न्यायला, सलग १५० वॅट ताकद देणाऱ्या पायांना सुमारे साडेपाच मिनिटं जादा लागतात. म्हणजे तंबू, स्टोव्ह आणि हत्यारं वेगवान माणसाच्या कॅरिअरवर गेली की चढावरचा फरक आपोआप आटतो. यात लाजण्यासारखं काही नाही. मी दुसऱ्या मोहिमेत फक्त कपडे आणि भांडी वाहिली आणि फार सुखात होतो.

आणि चढ मात्र ज्याचा त्याने चढावा. स्वतःच्या लयीपेक्षा हळू चढणं हे जोरात चढण्याइतकंच दमवतं. माथ्यावर भेटायचं.

मग चुकामूक झाली तर?

होतेच. निघण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवा. वळण किंवा फाटा आला की पुढच्याने थांबायचंच, रस्ता कितीही सरळसोट दिसो. दर २० किलोमीटरला भेटायचं. आणि भेट झाली नाही तर मागच्याने शेवटच्या ठरलेल्या ठिकाणापर्यंत यायचं, पुढच्याने अर्धा तास थांबून मागे फिरायचं. दोघंही एकमेकांना शोधत फिरत राहिले तर संध्याकाळ होते. फोनच्या भरवशावर राहू नका, नेमकी तिथेच रेंज नसते. पैसे, कागदपत्रं आणि पंक्चरचं सामान प्रत्येकाकडे स्वतंत्र हवं, एवढं सांभाळलं तर चुकामूक हा नुसता किस्सा होतो.

रोज किती किलोमीटर धरायचे?

सामानासकट सपाटीवर ७० ते ९०, डोंगरात ५० ते ६०. पहिला आठवडा याच्या दोन तृतीयांश. सातव्या दिवशी सायकलला हात लावायचा नाही. अमेरिकेतला ट्रान्सअमेरिका मार्ग साधारण ६,८०० किलोमीटरचा आहे. १९७६ मध्ये तो खुला झाला तेव्हा सुमारे चार हजार लोक त्यावर सायकल घेऊन उतरले होते. रोज ८० धरले तर चालवण्याचे ८५ दिवस होतात, आणि आठवड्याला एक सुट्टी धरली की जवळजवळ १००. नकाशावर नुसता भागाकार करून परतीचं तिकीट काढणारे या १५ दिवसांत फसतात.

सराव किती हवा?

लोक समजतात त्यापेक्षा कमी. पाय वाटेतच तयार होतात. बसण्याची जागा आणि मनगटं मात्र घरीच तयार करावी लागतात, म्हणून दोन-तीन महिने आठवड्यातून तीनदा चालवा आणि शेवटचे काही रविवार पूर्ण वजन लादून. सलग दोन दिवस चालवणं हा खरा सराव. पहिल्या दिवशी कोणीही चालवतो.

दोघांच्या सायकली एकसारख्या असाव्यात का?

सायकली नाही, पण चाकं एका मापाची असावीत. टायरच्या कडेला बारीक आकडे असतात, उदाहरणार्थ ३७-६२२. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमवर टायर बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुकानातल्या नावांवर जाऊ नका. ७००सी आणि २९ इंची ही दोन्ही नावं ६२२ चीच आहेत. २७.५ इंची म्हणजे ५८४ आणि जुन्या माउंटन बाइकची २६ इंची म्हणजे ५५९. दोघांचा दुसरा आकडा जुळला आणि रुंदीही जवळपास असली की ट्यूब, टायर, सगळं सामायिक होतं आणि सुट्या सामानाचं ओझं निम्मं.

व्हॉल्व्हही जुळवा. बारीक व्हॉल्व्हसाठी रिमला असलेलं भोक सुमारे साडेसहा मिलिमीटरचं, जाड व्हॉल्व्हसाठी साडेआठ. जाड व्हॉल्व्ह बारीक भोकात जात नाही, आणि हे रस्त्याच्या कडेला, हातात ट्यूब घेऊन कळणं फार वाईट.

एक तुकडा मात्र ज्याचा त्याने घ्यावा. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, फ्रेमला जिथे लटकतो तो छोटा हँगर. सायकल उजव्या बाजूला पडली की आधी तोच वाकतो आणि प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. वजन काही ग्रॅम, आणि वाटेत मिळेल याची आशा ठेवू नका.

गिअरबद्दल एवढंच, सर्वांत हलक्या गिअरमध्ये पुढचे दाते मागच्यापेक्षा कमी हवेत. पुढे २२ आणि मागे ३४ असतील तर लादलेली सायकलही बहुतेक चढ चढते, माणसाच्या चालीने का होईना.

समोरून वारा असेल तर?

चढ एकदाचा संपतो तरी. वारा संपत नाही, शिव्या द्यायला समोर कोणी दिसतही नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. तुम्ही ताशी १५ ने चाललात आणि समोरून ताशी २० चा वारा असेल, तर अंगावर ३५ ची हवा येते. अशा दिवशी वेगाचा काटा झाकून ठेवा आणि तासांत मोजा : आज पाच तास चालवणार, जिथे पोहोचू तिथे.

इथे मात्र जोडीदार असण्याचं चीज होतं. मागच्याला पुढच्याचा आडोसा मिळतो आणि त्याचे कष्ट स्पष्ट जाणवतील इतके कमी होतात. पाच-पाच मिनिटांनी पुढचा बाजूला होऊन मागे येतो. दमल्यावर पाचाची तीन करा. पुढच्याने खड्डा, काच, खडी ओरडून सांगायची, कारण मागच्याला फक्त पाठ दिसते. अचानक ब्रेक मारायचा नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं, मागच्याने आपलं पुढचं चाक कधीही पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला घुसू द्यायचं नाही. चाकाला चाक घासलं की पुढचा नुसता डगमगतो, पडतो तो मागचा. सामान लादलेलं असेल तर मीटरभर अंतर ठेवा, आडोसा थोडा कमी मिळेल, चालेल. गाड्यांची वर्दळ असलेल्या रस्त्यावर हा खेळ करूच नका.

जमीन तापली की वारा वाढतो, म्हणून वाऱ्याच्या प्रदेशात पहाटे निघा. उशिरा आवरणाऱ्या मित्राला पटवण्याची ही एकमेव वेळ.

चाकाची आरी तुटली तर मोहीम संपली का?

नाही. आमची तेराव्या दिवशी तुटली. चढ संपता संपता मित्राच्या मागच्या चाकातून 'टिंग' असा स्वच्छ आवाज आला. दगड उडाला असेल म्हणून आम्ही तसेच पुढे गेलो. पाचेक मिनिटांनी ब्रेकचं रबर दर फेरीला एकदा घासायला लागलं, खस्... खस्... खस्. उतरून चाक फिरवलं तर रिम एका जागी डावीकडे ओढली गेली होती आणि उजव्या बाजूची एक आरी हबपाशी, म्हणजे चाकाच्या मधल्या भागापाशी, वळणाच्या जागीच तुटली होती.

तिथेच तुटणार होती. गिअरच्या सायकलच्या मागच्या चाकात उजव्या बाजूला कॅसेट, म्हणजे दातेरी चकत्यांचा गठ्ठा, असते, तिच्यासाठी जागा करायला त्या बाजूच्या आऱ्या जास्त उभ्या आणि जास्त ताणलेल्या असतात. वर सामानाचं बहुतेक वजनही मागेच. गंमत अशी की नेमकी त्या बाजूची आरी बदलायला कॅसेट काढावी लागते आणि तिचं हत्यार कोणी बरोबर घेत नाही. आम्हीही घेतलं नव्हतं.

तात्पुरता इलाज : तुटलेली आरी शेजारच्या आरीला गुंडाळून टाका, म्हणजे ती कुठे अडकणार नाही. मग तिच्या दोन्ही अंगाच्या, पण विरुद्ध बाजूच्या आऱ्या अर्धा-अर्धा फेरा सैल करा, म्हणजे रिम बरीच मधोमध येते. तरी घासत असेल तर मागचा रिम-ब्रेक थोडा उघडा ठेवा आणि उतारावर बेताने. मागचं सामान दुसऱ्याच्या सायकलवर हलवा. असे आम्ही ६० किलोमीटर गेलो, मग एका कारागिराने आरी घातली आणि चाकाचा आउट काढून दिला. आता आम्ही पुढच्या चाकाच्या, मागच्या डावीकडच्या आणि उजवीकडच्या अशा तिन्ही लांबीच्या दोन-दोन आऱ्या फ्रेमला टेपने चिकटवून नेतो. कॅसेटचं हत्यारही.

चेन कधी बदलायची?

नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात, पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत. पट्टी लावा. १/१६ इंच जास्त भरली तर चेन बदला. १/८ भरली तर उशीर झालाय, कॅसेटचे दातेही झिजले असणार. पावसात चालवल्यावर त्याच संध्याकाळी चेन पुसून तेल द्या, जादा तेल पुसून टाका. चेनबद्दल आणखी बोलायचं आहे, पण ते खाली, भांडणाच्या प्रश्नात.

खाण्या-पिण्याचं काय?

भूक लागायच्या आधी खा. शरीरात साठवलेली साखर साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असते. ती संपत आली की पाय अचानक कापसाचे होतात, डोकं सुन्न होतं आणि माणूस भलत्याच गोष्टीवर चिडतो. ते टाळायला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. मध्यम केळ्यात २५ च्या आसपास असतात, त्यावरून अंदाज बांधा. दर तासाला थोडं थोडं. दुपारी एकदम गच्च जेवून चढ चढायला जाल तर झोप येईल.

उन्हात तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी. पण घाम गाळत दिवसभर नुसतं पाणी ढोसणंही धोक्याचं. रक्तातलं सोडियम खाली येतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस आणखी पाणी पितो. मीठ पोटात जाऊ द्या. जुलाब झाले तर क्षारसंजीवनीची पुडी, ती नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, छोट्या चमच्याने. मिठाचा हात सढळ नको.

आणि आमचा एक कायदा : वाद सुरू झाला की आधी खायचं. खाऊन वीस मिनिटांनी वाद शिल्लक असेल तर तो खरा. बहुतेक वेळा विषयच आठवत नाही.

गुडघे दुखतात, हात बधिर होतात...

गुडघा पुढून दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. टाच पॅडलवर ठेवल्यावर पाय तळाशी सरळ व्हावा, ही सुरुवात. मग तीन-तीन मिलिमीटरने बदला, एका दिवशी एकदाच. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळहाताच्या कडेची नस दबतेय. हँडल थोडं वर घ्या, पकड सतत बदला. दुर्लक्ष केलं तर मोहीम संपल्यावरही काही आठवडे शर्टाचं बटण लावताना त्रास होतो.

सायकलच्या पॅड लावलेल्या चड्डीच्या आत दुसरी चड्डी घालू नका. शिवण घासते आणि फोड येतात. रोज धुवा, पूर्ण वाळल्याशिवाय घालू नका, म्हणजे दोन हव्यातच. या विषयावर मित्राशी मोकळेपणाने बोलता आलं पाहिजे. तिसऱ्या दिवसापासून तसंही दुसरा विषय नसतो.

कुत्री मागे लागली तर?

उतरा, सायकल मध्ये धरा, चालत पुढे जा. बहुतेकांचा राग फिरणाऱ्या पायांवर असतो. चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठून रेबीजच्या लशीचं विचारा. उद्यावर टाकू नका.

विमानाने सायकल नेताना?

पॅडल काढा. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, जोर लावून तोडू नका. मागचा डिरेलर काढून चेनसकट फ्रेमच्या आत बांधा. पॉवर बँक खोक्यात नाही, हातातल्या सामानात.

खरं सांगा, भांडण होतं का?

होतं. पण मोठ्या गोष्टीवरून नाही. रस्ता चुकलो, भिजलो, रात्री मुक्कामाला जागा मिळाली नाही, या सगळ्यात आम्ही एकमेकांना धरून होतो. भांडण झालं ते त्याच्या चेनवरून.

ती कुरकुरायची. दर फेरीला एकदा, बारीक, कोरड्या बिजागरीसारखी. तो त्याच्या सायकलवर, त्याच्या कानात वारा. ऐकू यायचं ते मागून येणाऱ्या मला. पहिल्या दिवशी वाटलं, आज घालेल तेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, सांगावं. पण "तुझी चेन वाजतेय" हे वाक्य दोन दिवसांनंतर सांगायला अवघड होऊन बसतं, कारण मग इतके दिवस का नाही सांगितलंस, हे आलंच. नवव्या दिवशी, सपाट सरळ रस्त्यावर, मी थांबलो आणि त्याच्यावर पाच मिनिटं ओरडलो. चेनवरून सुरू झालेलं त्याच्या सगळ्या स्वभावावर गेलं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "आणि तू दर उताराला शीळ घालतोस. रोज. तीच."

तेव्हापासून रोज संध्याकाळी, सामान सोडायच्या आधी, आम्ही एकमेकांना एकेक तक्रार सांगतो. एकच. समोरच्याने खुलासा करायचा नाही, फक्त "बरं" म्हणायचं. शिळी तक्रार चालत नाही, आजचीच हवी. काही दिवशी काही सापडत नाही, तेव्हा ओढूनताणून काढावी लागते आणि हसू येतं.

आणि दिवसाचा एखादा तास मुद्दाम वेगळे चालवा. रात्री सांगायला काहीतरी उरतं.

एकाला मध्येच सोडावं लागलं तर?

हे निघण्यापूर्वी बोलून ठेवा, तेही शांत डोक्याने. कोणत्या दुखापतीला दोघं परतणार, कोणत्या कारणाला एकटा परतणार, उरलेल्याने पुढे जायचं की नाही. १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. १९२८ मध्ये प्रदक्षिणा पूर्ण करून परतले ते तिघं : आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा. बाकीचे तिघं वाटेत वेगळे झाले, आणि तरी मोहीम पूर्ण झाली. निम्मे सुटले म्हणजे सगळं बुडालं असं नसतं. सामायिक सामान मात्र वाटणी करता येईल असं ठेवा. तंबूचे खांब एकाकडे आणि कापड दुसऱ्याकडे असताना कोणी बसने घरी जाऊ नये. आमच्या ओळखीत हे झालेलं आहे.

पैशांचा हिशेब?

एक सामायिक पाकीट, दोघांनी सारखी रक्कम टाकायची, संपली की पुन्हा टाकायची. राहणं, जेवण, दुरुस्ती त्यातून. एकाची आरी तुटली तरी सामायिकच. ज्याचं तुटलं त्याने भरावं म्हणायला गेलात तर जड सामान उचलायला कोणी तयार होणार नाही.

पुन्हा त्याच्याचबरोबर जाल का?

पुढच्या वर्षी निघतोय. परवा तो सामानाची यादी घेऊन आला होता. पहिल्या ओळीत चेनचं तेल, दोन बाटल्या. शेवटच्या ओळीत कानात घालायचे बोळे, आणि त्यापुढे कंसात "उतारांसाठी".